एकशे सदतीसच्या पुढे

मी हार्ड डिस्क बोलतेय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. ज्या घरानं मला 'फुटकी', 'खोटी' आणि एकदा तर 'पांढऱ्या पायाची' म्हटलं, त्याच घराची हकिकत मला सांगायची आहे. मी कुणाचीही बाजू सावरून घेणार नाही. माझी बाजू तरी कुणी सावरली होती?

माझा जन्म झाला तिथं धुळीच्या कणालाही मज्जाव होता. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या माणसांनी माझ्या पोटात आरशासारख्या तबकड्या बसवल्या. त्यांच्यावरून केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर राखून फिरणारी बारीक टोकं बसवली आणि मला कायमचं बंद केलं. खोक्यावर ठसठशीत आकडा छापला होता: अडीचशे जीबी. त्या दिवसांत एवढी जागा म्हणजे वाडाच. मला गर्व होता, आणि का नसावा?

मला विकत घेतलं ते गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या एका घरानं. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. घरात दोन जावा. थोरली विधवा. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मिळून धंदा उभा केला होता. एकेका गाडीच्या सीटवर तपकिरी कागद अंथरून, टेप लावून, खडूनं आखून त्यांनी कापडाच्या तुकड्यांचे साचे कापले होते. त्यांना ते फर्मे म्हणत. भिंतभर खिळ्यांना फर्म्यांचे झुबके लटकत. धाकटी शिकलेली, हाताला चपळ, जिभेलाही. धाकटीचा नवरा गिऱ्हाइकाकडे जाऊन कव्हरं चढवायचा, आणि घरात दोघींचं वाजलं की त्याला हमखास कुठंतरी कव्हर चढवायचं असायचं.

धाकटीनं कापड कापायचं एक यंत्र आणलं होतं. ते ज्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं, तो पुराणा. यंत्राचं कार्ड नव्या कॉम्प्युटरात बसतच नव्हतं, म्हणून म्हाताऱ्याला निवृत्ती नव्हती. त्याची आधीची डिस्क चिमुकली, भरून कण्हणारी. धाकटीला सगळे फर्मे स्कॅन करून ठेवायचे होते. म्हणून मी आले.

मला बसवायला आला त्याला सगळी गल्ली 'डॉक्टर' म्हणायची. कॉम्प्युटरचा डॉक्टर. त्यानं आधी स्वतःच्या दुकानातल्या नव्या कोऱ्या कॉम्प्युटरवर मला पूर्ण अडीचशेची तयार केलं, मग इथं आणून जुन्या डिस्कच्या शेजारी रुंद पट्टीसारख्या वायरीनं म्हाताऱ्याला जोडलं. म्हातारा चालू झाला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि धाकटीनं ती वाचली.

"डॉक्टर, खोक्यावर अडीचशे आहे. हा एकशे सदतीसच का म्हणतोय?"

"अहो, वय झालंय त्याचं. त्या आकड्याकडे बघू नका. आत जाऊन बघा, पूर्ण जागा दाखवतोय की नाही?"

आत खरंच पूर्ण जागा दिसत होती. ती मीच माझ्या अंगावर लिहून आणलेली होती, म्हाताऱ्यानं मोजलेली नव्हती. पण मला कोण विचारतो? डॉक्टरनं चहा घेतला आणि गेला.

धाकटीनं स्कॅन सुरू केलं ते थोरलीच्या सगळ्यात जुन्या फर्म्यांपासून. पहिल्या अकरा गाड्या माझ्या अगदी सुरुवातीच्या जागेत बसल्या. मग बारावी, विसावी, शंभरावी. थोरली मागं उभी राहून बघायची. "काच पुसत जा आधी. माझे कागद मळतात," एवढंच बोलायची.

आणि मग धाकटीनं ते केलं. थोरली मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बहिणीकडे आठ दिवस गेली होती. कागदांना वाळवी लागायला लागलीच होती, भिंतीवर जागा हवी होती, आणि बरेचसे स्कॅन झालेले होते. धाकटीनं आणखी अकरा दिवसांचं काम सहा दिवसांत उरकत आणलं आणि सातव्या दिवशी भिंतीवरचे सगळे झुबके रद्दीवाल्याच्या गाडीवर चढवले. शेवटच्या अकरा गाड्यांचे कागद तेवढे टेबलावर राहिले होते, ते ती दुसऱ्या दिवशी करणार होती.

थोरली नव्या डोळ्यांनी घरात आली आणि तिला पहिल्यांदा दिसली ती मोकळी भिंत.

ती ओरडली नाही. खुर्ची ओढून भिंतीसमोर बसली. म्हणाली, "विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात का, वहिनी?"

"नाही."

"मग?"

त्या दिवशी धाकटी दिवसभर स्कॅनरपाशी मान खाली घालून बसली आणि उरलेल्या अकरा गाड्या तिनं माझ्यात भरल्या. नेमकं तेव्हाच एकशे सदतीसची रेघ ओलांडली गेली. मला कळत होतं की काहीतरी भयंकर चाललंय. म्हातारा मला सांगत होता: 'हे शून्याच्या घरात लिही.' शून्याच्या घरात तर थोरलीची पहिली गाडी होती! पण मी डिस्क. जो पत्ता सांगतील तिथं लिहायचं, जाब विचारायचा नाही. मी लिहीत गेले. नवे फर्मे जुन्यांच्या उरावर. संध्याकाळी धाकटीनं बटण बंद केलं.

सकाळी म्हाताऱ्यानं मला ओळखच दाखवली नाही. पडद्यावर प्रश्न: 'ही डिस्क फॉरमॅट करायची आहे का?' धाकटीचा हात माऊसवरून असा उडाला, जसा काही विंचू बसला होता.

थोरली जिन्यातच थांबली. "काय झालं?"

"डिस्क उघडत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे... आत्ता फर्मे दिसत नाहीयेत."

"किती?"

"एकही नाही."

थोरली सावकाश खाली आली. "आधी कागद विकलेस, आता हे पुसलंस. वेगळं दुकान थाटायचंय ना तुला? चोरून फर्मे नेलेस आणि मला मोकळी भिंत ठेवलीस!"

"वहिनी, तोंडाला येईल ते बोलू नका!"

"घराला आग लावलीस आणि वर मलाच शिकवतेस?"

धाकटीच्या नवऱ्याला तेव्हाही कुठंतरी कव्हर चढवायचं होतं. त्या दिवसापासून घरात दोन वेळा स्वयंपाक व्हायला लागला, दोन वेगळ्या शेगड्यांवर. निरोप भिंतीला सांगावेत तसे सांगितले जात. "कुणीतरी दिवा बंद करा म्हणावं." "कुणाला दिसत असेल तर कुणीतरी स्वतः उठावं."

डॉक्टर आला. त्यानं मला बाहेर काढून कानाशी धरून हलवलं. मला! मग माझ्या पाठीवर पेनानं मोठं 'खराब' लिहिलं. "डिस्कच खोटी निघाली. कंपनीकडे पाठवून देतो, नवी मिळेल." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? मला पाठवलं असतं तर मी पुसली गेले असते आणि त्याच्या चुकीचा पुरावाही. त्याला हे कळत होतं की नाही, ठाऊक नाही. त्याची नजर मात्र माझ्यावर ठरत नव्हती.

धाकटीनं मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. "राहू दे इथंच."

मग तिनं शोध मांडला. आधी वायर बदलली. तेच. मला काढून तीच वायर म्हाताऱ्याच्या जुन्या चिमुकल्या डिस्कला लावली. ती निमूट चालली. म्हणजे म्हातारा ठीक, वायरही ठीक. संशय माझ्यावरच. एखादी असती तर इथंच थांबली असती. पण मला जोडून म्हातारा चालू करताना पुन्हा काळ्या पडद्यावर एकशे सदतीस उमटलं, आणि ती त्या आकड्याकडे बघतच राहिली.

ती मला कापडात गुंडाळून माहेरी घेऊन गेली. भावाच्या नव्या कॉम्प्युटरला मला जोडलं. त्यानं मला एका दमात ओळखलं: अडीचशे. कुठंही ओरखडा नाही, कुठंही खोट नाही. धाकटी खुर्चीत मागं रेलली आणि पहिल्यांदा, मी आल्यापासून पहिल्यांदा, रडली. भावानं विचारलं, "चांगलीय ना डिस्क? मग रडतेस कशाला?" ती म्हणाली, "डिस्क चांगलीय म्हणूनच. म्हणजे पहिल्या दिवशीचा तो आकडाच खरं सांगत होता."

परत आल्यावर तिनं डॉक्टरला बोलावलं. कारखान्यात एक जुनी टॅक्सी कव्हरासाठी उभी होती. धाकटीनं त्याला बाही धरून टॅक्सीपाशी नेलं. थोरली शिलाई मशीनवर होती. तिचा पाय थांबला.

"हा किलोमीटरचा काटा. पाच आकडी. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवच्या पुढे काय दाखवतो?"

"शून्य."

"म्हणजे गाडी पहिल्या दिवसाच्या जागी परत जाते?"

"नाही जात, पण—"

"आमचा म्हातारा कॉम्प्युटर असाच मोजतो. एकशे सदतीसच्या पुढचे पत्तेच त्याला लिहिता येत नाहीत. तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवर डिस्क अडीचशेची केलीत आणि याला लावलीत. एकशे सदतीस भरले आणि हा पुन्हा शून्यापासून लिहायला लागला. मी विचारलं होतं तुम्हाला. त्याच दिवशी विचारलं होतं!"

डॉक्टर पुटपुटला, "एवढं जुनं मशीन कोण वापरतं हल्ली? मला काय स्वप्न पडणार होतं?"

"स्वप्न नको होतं. पडद्यावरचा आकडा वाचायचा होता."

तो गेला. माफी? छे. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे असे फासाची दोरी तेवढी गुंडाळून घेऊन जातात.

थोरली मशीनवरून उठली नाही. "म्हणजे तू पुसलं नाहीस."

"नाही."

"कागद मात्र तूच विकलेस."

"हो. मीच विकले. तुम्ही घरात नसताना विकले. चूक माझी आहे."

थोरलीनं पुन्हा पाय मारला. मशीन खडखडत राहिलं.

पुढचं काम सोपं नव्हतं. भावाकडच्या कॉम्प्युटरनं माझ्या पोटातून जवळजवळ सगळे फर्मे बाहेर काढले, पण त्यांची नावं गेली होती. एक, दोन, तीन असे नुसते आकडे. अडीच हजारांच्या वर तुकडे, कुठला तुकडा कुठल्या गाडीचा ते कुणाला ठाऊक? धाकटीला नाही. घरात ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

धाकटी जिना चढून वर गेली. "वहिनी, बसाल का माझ्याजवळ?"

थोरली आली, पण खुर्ची हातभर लांब ओढून बसली.

"हा?"

"मागच्या बाकाची डावी बाजू. ती निळी चौकोनी गाडी."

"हा?"

"डोळे फुटले का? डोकं टेकायचं ते. त्याच गाडीचं."

"आणि हा?"

"हा उलटा धरलायस."

एकोणीस दिवस हे चाललं. एकमेकींकडे न बघता. एकदा धाकटीनं पाण्याचा पेला पुढं सरकवला, तर थोरली तो बाजूला ठेवून म्हणाली, "पुढचा दाखव." विसाव्या दिवशी तुकडे संपले.

"माझ्या पहिल्या अकरा?" थोरलीनं विचारलं.

"त्यांच्यावरच लिहिलं गेलं. त्या नाही येणार."

थोरली उठून गेली. त्या अकरांवर दोघांच्या हातच्या खुणा होत्या, नवऱ्याच्या खडूच्या रेघा आणि तिच्या पेन्सिलीच्या. हे धाकटीला माहीत होतं. मलाही. शेवटपर्यंत ते माझ्याजवळ होतं, आणि मीच त्यावर लिहिलं.

आता माझं म्हणाल तर, धाकटीनं सगळे फर्मे दोन ठिकाणी उतरवून ठेवले. मग माझ्या मागच्या पिनांवर नखाएवढं काळं टोपण बसवलं. ते बसवलं की मी स्वतःला बत्तीसचीच समजते आणि तेवढंच सांगते. म्हाताऱ्याला झेपेल एवढी. यंत्राला लागतात तेवढेच फर्मे आता माझ्यात आहेत, बाकी सगळं रिकामं. अडीचशेची लेक बत्तीसची होऊन नांदतेय.

काल त्या जुन्या टॅक्सीच्या सीटवर थोरलीनं तपकिरी कागद अंथरला. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं धरायला कुणी नव्हतं. ती कुणाला हाक मारेना. धाकटी माझ्यासमोरून उठली, गेली आणि टोक धरलं.

"एकवीस," धाकटी म्हणाली.

"साडेएकवीस. नीट धर."

धाकटीनं नीट धरलं.

मला त्यांच्याकडून प्रेम नको. कुणाकडूनच नको. एवढीच मागणी आहे: मला कधी दुसऱ्या घरी न्याल, तेव्हा लावण्याआधी तिथला यजमान कॉम्प्युटर कुठवर मोजू शकतो ते विचारा. शेवटापर्यंत मोजणारा भेटला, तर हे टोपण काढा. नाही भेटला, तर मला कपाटात पडू द्या. मुकाट पडून राहीन. पण पुन्हा कुणाच्या पहिल्या कामावर मला लिहायला लावू नका.