खंडेनवमीची सीडी आणि जीवनचा डावा कान

मी एक हेडफोन, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. दोन कानांवर बसून आयुष्य काढलेल्याला भीती कसली, असं तुम्ही म्हणाल. पण माणसाच्या कानाच्या इतक्या जवळ दुसरं कुणी बसत नाही. तिथे काही बिघडलं तर मला सगळ्यांच्या आधी कळतं, आणि सांगता मात्र येत नाही. दुसऱ्यांची गाणी दिवसभर बोलून दाखवतो, स्वतःचं एक अक्षर नाही.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. खोक्यातून बाहेर आलो तो एकदम पनवेलात, २००२ साली. कुमारमामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी मला सिंगापूरहून भाच्यासाठी आणलं. भाचा म्हणजे जीवन. मूळचे हे उरणचे कोळी, पण जीवन तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात लागला आणि आईला, कृष्णाबाईंना, घेऊन पनवेलला राहायला आला. हवा दाबून भरणारी मोठमोठी मशीनं तो सांभाळायचा. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, पण हा ते खिशातच ठेवायचा. मशीन बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, बोळे घातले तर तो कळणार कसा, असं त्याचं म्हणणं. कानावर त्याचा फार विश्वास होता.

घरी आला की हातपाय धुऊन मला कानावर चढवायचा. त्याला वेड होतं रॉकचं. वर्षभर सीडी जमवायचा, ऐकायचा, पुन्हा पुन्हा ऐकायचा, आणि खंडेनवमीला त्या वर्षाची एकच सीडी निवडायचा. जगात कुणी अशी पूजा केली असेल असं मला वाटत नाही. पाट मांडायचा, त्यावर म्युझिक सिस्टिम, शेजारी मी, आणि मध्ये निवडलेली सीडी. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मग एका वहीत साल घालून तिचं नाव लिहायचं आणि आवडली का, ते एका ओळीत.

"आरं जीवन, ह्ये काय देव हायत का?" कृष्णाबाई विचारायच्या.

"आये, कोयता पूजतेस ना तू? मंग माजं हत्यार ह्येच हाय."

सीडींची इंग्रजी नावं कृष्णाबाईंच्या जिभेवर चढेनात. त्यांनी वरच्या चित्रांवरून आपली नावं ठेवली: जिन्याची, केटलीची, उलट्या होडीची. आमची पहिली निवड उलट्या होडीची. तिच्या चौथ्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात आणि पुढची ओळ म्हणायच्या आधी गाणारी बाई श्वास घेते. तो श्वास ऐकायला जीवन डोळे मिटून घ्यायचा. आवाजाचं बटण तेव्हा तीनवर असायचं. वहीत त्याने लिहिलं होतं, 'या श्वासासाठी.' मला तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढे मोनाली सून म्हणून आली, रिया जन्मली. दर खंडेनवमीला पाटावर नवी सीडी बसत गेली. आणि बटण चारवर गेलं. मग पाचवर. मी मनात म्हटलं, गाणीच तशी असतील. २००८ ला सात. वहीतल्या ओळीही बदलत होत्या. आधी 'हळू सुरुवात, सुंदर शेवट' असं काहीतरी असायचं, आता 'ड्रम जबरदस्त', 'छाती हलते'. हळू गाण्यांच्या सीडी एकदा ऐकून तो बाजूला टाकायचा. मला वाटलं, आवड बदलली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

२०१० च्या आसपास त्याने एकदा उलट्या होडीची बाहेर काढली. चौथं गाणं लावलं. वाद्यं थांबली. बाईने श्वास घेतला, मी तो नीट पोचवला, शपथेवर सांगतो. जीवनने गाणं मागे नेलं. पुन्हा मागे नेलं. पाच वेळा.

"सीडी गेली वाटतं," तो म्हणाला आणि तिला पुसत बसला.

सीडीला काहीच झालं नव्हतं. टीव्हीचा आवाज वाढला. 'तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात काय बोलता?' म्हणून तो मोनालीवर चिडायला लागला. एका दुपारी घरात कुणी नसताना त्याने मला मांडीवर ठेवलं, डोळे मिटले आणि उजव्या कानापाशी चुटकी वाजवली. मग डाव्या कानापाशी. मग डाव्या कानाच्या अगदी जवळ, पुन्हा पुन्हा, बोटं लाल होईपर्यंत. त्याचा चेहरा मी असा समोरून पहिल्यांदाच पाहत होतो. तो घाबरला होता.

कारण मला ठाऊक होतं. त्याच्याच पाळीतल्या शिवाचे कान गेल्यावर त्याला कंपनीने घरी बसवलं होतं. हे त्याने मोनालीला सांगितलं होतं, पण स्वतःच्या कानाचं नाही. त्याने फक्त बटण नऊवर नेलं. मला तर दुहेरी भीती. कुणाला कळलं नाही तर याचा कान जातोय. आणि कळलंच कुणाला तर म्हणतील, मशीनचं राहू द्या, त्या हेडफोननेच घात केला. खोटं तरी कसं म्हणू? दिवसभर मशीनने बडवलेला कान संध्याकाळी मीही बडवत होतोच.

२०१४ च्या श्रावणात माझी डाव्या बाजूची तार आतून तुटली. डावीकडे एकदम सामसूम. मी म्हटलं, आता सुटलो. आता त्याला कळेल, मला दुरुस्तीला नेईल, तिथे काहीतरी विषय निघेल. संध्याकाळी त्याने मला चढवलं. मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन महिने तो माझी अर्धी मेलेली जोडी कानावर घालून त्या वर्षाची सीडी निवडत होता आणि त्याला पत्ता नव्हता. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

खंडेनवमी आली. पाट मांडला, फुलं वाहिली. जीवनने वही उघडली. तेवढ्यात अकरा वर्षांची रिया म्हणाली, "बाबा, लिहायच्या आधी मला ऐकव ना." आणि मला उचलून तिने आपल्या डोक्यावर बसवलं.

"बाबा, हे एकाच बाजूने वाजतंय."

"नीट लाव."

"नीटच लावलंय. डावीकडे काहीच येत नाहीये. कधीपासून बंद आहे?"

जीवनने तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने मोठ्याने सांगितलं. त्याचा हात आपोआप डाव्या कानावर गेला आणि तिथेच राहिला.

"मग तू ऐकलंस काय, बाबा?"

मोनाली स्वयंपाकघराच्या दारात थांबली. कृष्णाबाई पुढे आल्या, त्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "जीवन." त्याने वळून पाहिलं नाही. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या रडायला लागल्या. "माज्या पोराला आयकाया येत नाय," एवढंच म्हणत राहिल्या. जीवनही रडला. त्या वर्षाची ओळ वहीत कोरी आहे.

डॉक्टरांनी सांगितलं, डावा गेला, उजवा अर्धा आहे, तेवढा सांभाळा. कंपनीने त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. उजव्या कानात आता छोटं यंत्र असतं. मला कपाटात ठेवलं. शिक्षा कमीच झाली, असं मला वाटायचं.

आता २०१८ चालू आहे. रिया पंधरा वर्षांची झाली. मागच्या आठवड्यात तिने मला शोधून काढलं, स्टेशनजवळच्या दुकानातून माझी तार जोडून आणली आणि मोबाइलला लावलं. दोन्ही बाजूंनी वाजतोय मी, अगदी नव्यासारखा. आत्ता ती खिडकीत बसली आहे. आवाजाची पट्टी पार शेवटाला टेकली आहे. स्वयंपाकघरातून जीवनने तिला हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ती मान डोलावते आहे. रिया, बाळा, मी हात जोडतो, मला काढून बाजूला ठेव आणि बाबांना ओ दे.