शकुंतलाबाईंची भाडेकरू

हुबळीकडच्या केलगेरीत सौंदत्तीकर वकिलांचे घर कुठे, असे विचारले तर रिक्षावाला अजूनही दुसऱ्या कोणाला न विचारता दारात नेऊन सोडतो. वकील जाऊन बरीच वर्षे लोटली. परंतु घराचा दरारा त्यांच्या पत्नीने, शकुंतलाबाईंनी, तसूभरही उतरू दिला नाही. त्या दराऱ्याचे एक कलम असे होते की, या घरात पाहुणा राहील, गरजू विद्यार्थी राहील, प्रसंगी आडगावचा पक्षकारही ओसरीवर पथारी टाकील. भाडेकरू मात्र राहणार नाही. माडी भाड्याने देणे म्हणजे घरातल्या चुलीला दुबळेपण आल्याची दवंडी पिटणे, असे वकील म्हणत आणि बाई मानत.

म्हणूनच, जवळच्या बेलूरच्या कारखान्यात नोकरीला असलेला नातू मुकुल एके दिवशी यित्का नावाच्या उंचनिंच चेक इंजिनीयर मुलीला घेऊन आला आणि "हॉटेलातलं खाऊन आजारी पडलीय, चार दिवस ठेवू या" म्हणाला, तेव्हा बाईंनी माडीची किल्ली काढून दिली आणि चुलीवर मऊ भात चढवला. पुढे यित्काने भाड्याचा विषय काढला, तेव्हा त्यांनी तिच्याकडे असे काही पाहिले की तो विषय पुन्हा निघाला नाही. चार दिवसांचे काही महिने झाले. मुलगी घरात रुळली आणि बाईंना कानडीत 'अज्जी' म्हणू लागली.

समोरच्या भागीरथीबाईंना हे पाहवेना. चैत्रातल्या हळदीकुंकवाला चारचौघींत त्या म्हणाल्या, "काळ बदलला हो. वकिलांच्या माडीवरसुद्धा भाडेकरू आले." शकुंतलाबाईंनी कैरीच्या डाळीची वाटी शांतपणे रिकामी केली, पण तो काटा आत रुतला तो रुतलाच.

अशात एके सकाळी फाटकाशी ईरण्णा हवालदार येऊन उभा राहिला.

"अज्जी, परदेशातली कोणी बाई इथं भाड्यानं राहते काय री?" त्याने कानडीत विचारले.

समोरच्या कट्ट्यावर भागीरथीबाई मेथी निवडत होत्या. ते हात थबकलेले बाईंनी पाहिले, आणि पलीकडे नीट पोहोचेल असा आवाज लावला.

"या घरात भाडेकरू नाही. कधी नव्हता आणि मी असेतो येणार नाही. लिहून घ्या."

ईरण्णाने लिहून घेतले, दिलेले ताक प्याला आणि गेला.

रात्री पानावर बाईंनी हा पराक्रम सविस्तर सांगितला. मुकुलचा घास हातातच राहिला.

"आजी, अगं तो यित्काच्या परवान्याच्या चौकशीला आला होता. परदेशी माणसाला इथं नोकरी करायची तर सरकारी परवाना लागतो. तिचा जुना संपत आलाय. नवा द्यायच्या आधी पोलीस पत्ता तपासून जातात."

"मग तसं म्हणायचं. भाडेकरू कशाला म्हणाला तो?"

"आता ती इथं राहतच नाही, असं सरकारदरबारी गेलं. परवाना मिळाला नाही तर कंपनी तिला परत पाठवील."

यित्काला सगळे शब्द उमगले नाहीत, अर्थ मात्र उमगला. "माझं मशीन अजून चालू नाही, अज्जी," ती हळूच म्हणाली. बेलूरला ती जे अवाढव्य यंत्र जोडीत होती, त्याची खबरबात बाई रोज जेवताना, बाळंतिणीची विचारावी तशी विचारत असत.

बाईंनी हात धुतला. "उद्या मी येते हुबळीला."

"पोलिसांच्या कचेरीत? तू?"

"चूक माझी आहे. तारखेला मीच उभं राहायला हवं."

दुसऱ्या दिवशी जरीकाठी इरकल नेसून शकुंतलाबाई अधिकारी बाईंच्या टेबलासमोर बसल्या. एका बाजूला मुकुल, दुसऱ्या बाजूला मांडीवर फाईल घट्ट धरलेली यित्का. भिंतीशी ईरण्णा मान खाली घालून उभा होता.

"अज्जी, आमच्या माणसाला एक सांगितलंत, आज दुसरं सांगता. खरं काय समजायचं?" अधिकारी बाई म्हणाल्या. त्या वयाने लहान, पण आवाजाने पक्क्या होत्या.

"त्याला बोल लावू नका. त्यानं मी सांगितलं तेच लिहिलं. मुलगी माझ्याच घरी राहते."

"खरंच राहतेस?" अधिकाऱ्यांनी यित्काकडे वळून इंग्रजीत विचारले.

यित्काने मात्र जमेल तशा मराठीत आणि कानडीत उत्तर दिले. "दिवा लावायच्या आधी घरी. चप्पल बाहेर. कारलं ताटात टाकायचं नाही. सोमवारी केस धुवायचे नाही. का, ते विचारायचं नाही."

"पुरे, पुरे. इतकं सोसते म्हणजे तिथंच राहते." अधिकारी बाईंनी हसू आवरले. "आता हिला लिहू काय? पाहुणी?"

"पाहुणी कसली? पाहुणी कधी जाते याची घरचे वाट बघतात."

"मग नातेवाईक?"

"आमच्या सात पिढ्यांत एवढं उंच कोणी झालं नाही."

भिंतीशी ईरण्णाला खोकला आला.

"मग एकच उरतं, अज्जी. भाडेकरू. खाली घरमालकीण म्हणून तुमची सही. बाकी सगळं तयार आहे."

शकुंतलाबाईंच्या डोळ्यांसमोर वकील आले, माडी आली, आणि मेथी बाजूला सारून हे ऐकायला पुढे सरसावलेल्या भागीरथीबाईही आल्या.

"नको, अज्जी," यित्का म्हणाली. "मी हॉटेलात जाते. तुमच्या घराचं नाव..."

बाईंनी चमकून तिच्याकडे पाहिले. घराचे नाव म्हणजे काय, हे या मुलीला कोणी शिकवले होते? त्यांनी तर चपला आणि कारले एवढेच शिकवले होते.

"हॉटेलात जाशील आणि पुन्हा पोट धरून बसशील. गप्प बैस." त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या. "लिहा, भाडेकरू. ठळक लिहा. माझं घर एका शब्दानं पडायला काही पत्त्यांचं नाही."

आणि त्यांनी सौंदत्तीकर हे आडनाव काना-मात्रा-वेलांटीसकट, रेघ न चुकवता, सही म्हणून उमटवले.

दुपारी परवाना हाती आला. यित्काने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि कचेरीच्या पायऱ्यांवरच मुकुलला बाजूला सारून बाईंना कडकडून मिठी मारली. "अगं, निऱ्या सुटतील," बाई म्हणाल्या. पण बाजूला काही झाल्या नाहीत.

ईरण्णानेच मग जुन्या हुबळीतला गिरमिटाचा, म्हणजे तिखट-आंबट चुरमुऱ्यांचा, गाडा दाखवला. रस्त्यावर उभे राहून खाणे शकुंतलाबाईंना ठाऊक नव्हते. म्हणून गाडेवाल्याने स्वतःचे स्टूल पुसून दिले आणि त्या सिंहासनावर बसावे तशा बसल्या. चुरमुऱ्यांचा पहिला घास घेऊन म्हणाल्या, "कांदा बारीक हवा होता," आणि दुसरी बशी मागवली.

"अज्जी," यित्का मिरची भजी खाऊन डोळे पुसत म्हणाली, "मी आता सरकारी भाडेकरू. भाडेकरूला नियम नाहीत, मुकुल सांगतो. भाडेकरू आंघोळीच्या आधी कॉफी पितो."

मुकुल दुसरीकडे पाहू लागला. बाईंनी पदराने ओठ टिपले.

"पिऊ दे की. भाडेकरू आपली कॉफी आपण करून घेतो. घरच्या माणसाला अज्जी करून देते. बघ बाई, काय परवडतं ते."

यित्काने हातातली बशी खाली ठेवली.

"आधी आंघोळ," ती म्हणाली.