खिशातला मासा आणि मी

मी एक जुनी सुई आहे. शिवणाची नव्हे, होकायंत्राची. मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. डबी उघडली की मी थरथरते, इकडे वळते, तिकडे वळते. उत्तर सापडेपर्यंत जिवाला चैन पडत नाही.

कारखान्यात मला चुंबकत्व दिलं, पितळी डबीत एका अणकुचीदार टोकावर तोललं आणि विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात धाडलं. डोंगरातले खडकांचे थर कोणत्या दिशेला पसरलेत, ते विद्यार्थी माझ्याकडे बघून नकाशावर मांडत. सर माझं कौतुक करत. पुढे मोबाइल आले आणि मी कपाटात पडले. झाकण लावण्याआधी मला अडकवून ठेवणारी कळ दाबायची असते. ती कुणी विसरलं, की प्रत्येक धक्क्याला मी आत आपटत राही.

यंदा मला ताईनं बाहेर काढलं. ताई म्हणजे वर्गातली सगळ्यांत मोठी विद्यार्थिनी. अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला आलेली. लहानग्या लेकीला सासूबाईंकडे सोपवून ती डोंगरावरच्या अभ्यास-सहलीला आली होती. नकाशा जमला तरच ती पास होणार होती. आणखी एक वर्ष लेकीला सांभाळा, असं सासूबाईंना कोणत्या तोंडानं सांगणार?

शेवटच्या दिवशी सरांनी नकाशा पाहिला. सरळ जाणारा थर तिच्या कागदावर पार भरकटला होता.

"हे खडक आहेत की गुंता झालेली लोकर?" सर म्हणाले. बस सुटायच्या आत दुरुस्त कर, नाहीतर पुढच्या वर्षी ये, असं सांगून ते पुढे गेले.

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "सुईच म्हातारी झालीय."

मला फार लागलं ते. उत्तर दिशा मला जाणवत होती, पण कुणीतरी शेपूट धरून मागे खेचावं तसं होत होतं.

तिची मैत्रीण, जिला सगळे चष्मिष म्हणत, मला घेऊन त्याच खडकापाशी उभी राहिली. मी मुकाट्यानं उत्तरेला लागले. ताईच्या हातात आले, की पुन्हा भरकटले.

"सुई ठीक आहे गं. तूच बिघडलीयेस."

ताई हसली नाही. खडक फोडायची लोखंडी हातोडी मला ओढेल, म्हणून ती तर तिनं केव्हाच लांब ठेवली होती. मला खडकावर ठेवून ती मागे गेली आणि हळूहळू जवळ आली. तिच्या पावलागणिक मी वळत गेले. तिचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. आतून निघाला लाकडी मासा. लेकीच्या गळ टाकून मासे धरायच्या खेळातला, तोंडात चुंबक असलेला. हा जवळ ठेवलास की तू परत येशील, असं म्हणून लेकीनं तो निघताना दिला होता. आणि दिशा बघताना मला नेमकं त्या खिशासमोरच धरायचं असतं.

"पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र खिशात घालून फिरतेस," चष्मिष म्हणाली. "डोक्यात कधी घालणार?"

मासा ताईच्या मुठीतून सुटेना. शेवटी तो आणि फोन, कारण फोनमध्येही चुंबक असतो, दोन्ही चष्मिषकडे देऊन तिनं तिला लांब झाडाखाली बसवलं. मग प्रत्येक खडकापाशी धापा टाकत ती नव्यानं गेली. घरून फोन आला असेल का, म्हणून सारखी झाडाकडे बघे. मीही जीव तोडून उत्तर धरून राहिले. बस निघता निघता सरांनी नकाशावर सही केली.

बसमध्ये ताईनं आधी कळ दाबली, मगच झाकण लावलं. मला मांडीवर ठेवून तिनं चष्मिषकडून परत घेतलेला फोन घरी लावायला घेतला, आणि आठवण होऊन आधी मला उचलून शेजारच्या बाकावर ठेवलं. लेकीनं पहिल्यांदा माशाबद्दलच विचारलं. मासा अजून पुढच्या बाकावरच्या चष्मिषकडेच होता; ताईनं तिकडे पाहिलं.

"आहे ना. जरा लांब बसलाय."

तर मित्रांनो, चुंबक माझ्यापासून दूर ठेवा आणि कळ दाबायला विसरू नका. मी भरकटले, तर मोडीत काढण्याआधी एकदा आपले खिसे चाचपून बघा. बाकी माझं थरथरणं चालायचंच.