आकडा न सांगितलेली दुपार

पूर ओसरून तीन आठवडे झाले, तेव्हा कुठे दादाच्या घराचे दार उघडले. पाण्याने फुगलेल्या फळ्या चौकटीत अशा रुतून बसल्या होत्या की दोघा भावांना खांदा लावावा लागला. थोरला चौऱ्याहत्तर वर्षांचा, आयुष्यभर सुतारकाम केलेला; धाकटा निवृत्तीला चार महिने उरलेला. हे दार थोरल्याने स्वतःच्या हातांनी बसवले होते. ते करकरत मागे सरले, तेव्हा तो दाराला उद्देशूनच म्हणाला, “एवढं कशाला अडवतोस बाबा, आमचंच घर आहे.”

धाकट्याला हसू आले नाही. तीन आठवडे तो एक वाक्य मनात घेऊन वावरत होता. दादा त्याच्याच घरी राहत होता, समोर बसून जेवत होता, शेजारच्या खाटेवर निजत होता. पण ते वाक्य काही बाहेर पडले नव्हते. वाक्य साधेच होते. त्या दुपारी वहिनीला घरीच थांबायला मी सांगितले. आज ते बोलल्यावाचून या घरातून परतायचे नाही, असा निश्चय करून तो आला होता.

धाकटा पुलावर नदीची पातळी मोजत असे. पुलाच्या तिसऱ्या खांबावर फूट-इंचांची पट्टी रंगवलेली होती. दर तासाला ती दुर्बिणीतून वाचावी, वहीत नोंदवावी आणि पूरनियंत्रण कक्षाला फोनवरून कळवावी, एवढेच त्याचे काम. पण छत्तीस वर्षे त्याने ते व्रतस्थपणे केले. ज्या वृद्ध मापकाच्या हाताखाली तो शिकला, त्याने पहिल्याच दिवशी त्याला बजावले होते, “आपण आकडा सांगायचा, अर्थ सांगायचा नाही. अर्थ लावणारी माणसं कक्षात बसलीत. आपण नदीचे डोळे. जीभ होऊ नये.”

ही शिस्त त्याच्या हाडीमाशी अशी खिळली की घरीही तो आकड्यांतच बोलू लागला. वहिनीने त्याचे नाव ‘इंचराव’ ठेवले, ते त्यामुळेच. ती या घरात आली तेव्हा तो आठ वर्षांचा पोरका मुलगा होता. एवढ्याशा पोराला ती मोठ्या गांभीर्याने ‘भावोजी’ म्हणे, ‘अहो-जाहो’ करी, आणि लगेच त्याच्या नाकाला आलेला शेंबूड पदराने पुसून टाकी. दर वर्षी त्याला स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभे करी आणि डोक्यावर दादाची पट्टी आडवी धरून पेन्सिलीची रेघ ओढी. “टाचा टेका, भावोजी! लबाडी चालायची नाही.” मोजमापाची गोडी त्याला नदीने लावली नव्हती, त्या चौकटीने लावली होती.

हे घर बांधाखालच्या गल्लीत, पुलाच्या वरच्या अंगाला अर्ध्या तासाच्या वाटेवर होते. नदी आणि गल्ली यांच्यामध्ये मातीचा जुना पूरबांध होता. चार दिवस वादळी पाऊस अखंड कोसळत होता. रेडिओवरून सूचना येत होत्या. पण वहिनीचा रेडिओवर विश्वास नव्हता. “तो सगळ्या जगाला सांगतो, मला नाही सांगत,” असे तिचे म्हणणे. त्या सकाळी तिने पुलावरच्या चौकीत फोन केला होता.

“बोला, इंचराव. किती?”

“बेचाळीस फूट एक इंच. चढतंय.”

“बोचकं बांधून ठेवलंय. दूधवाल्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी आहे, दोन जागा आमच्या. पण तुमच्या दादांचे गुडघे, आणि त्याहून हट्टी तुमचे दादा! म्हणतात, धाकट्याचा फोन आला की निघू.”

“तीनपर्यंत बघतो. तीनला नक्की फोन करतो, वहिनी.”

“विसरलात तर रेघ पुसून टाकीन हं चौकटीवरची!”

तीन वाजता पाणी बेचाळीस फूट सात इंचांवर होते. ‘निघा’ म्हणून सांगायला त्याने फोनकडे हात नेला. मग खात्रीसाठी आणखी एकदा दुर्बीण डोळ्याला लावली, आणखी एकदा, असे करता करता दहा मिनिटे गेली. आणि त्या दहा मिनिटांत पाणी चार इंच उतरले. पट्टीवरचा ओला पट्टा त्याला स्पष्ट दिसला. चार दिवस त्याच्या छातीवर जी शिळा होती, ती जणू कोणी उचलून घेतली. त्याचे डोळे भरून आले. नियमाप्रमाणे आधी कक्षाला कळवायचे; पण त्याने आधी दादाच्या घरी फोन लावला.

“वहिनी, पाणी उतरतंय! घाबरू नका आता. दादाला त्या गुडघ्यांनी कुठे चिखलात चालवता? थांबा घरीच.”

“खरंच? तोंडात साखर पडो तुमच्या,” ती म्हणाली. मागून रंध्याचा आवाज येत होता. दादा काम करीत होता. “गाडीवाल्याला सांगते, हो पुढे.”

नंतर त्याने कक्षाला आकडा कळवला. पलीकडे एक तरुण अभियंता होती.

“काका, चार इंच? दहा मिनिटांत?”

“हो.”

“अहो, वर बांध फुटला असेल!”

हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. चढलेली नदी आधी स्थिर होते, मग अर्ध्या अर्ध्या इंचाने उतरते, हे त्याने छत्तीस वर्षे पाहिले होते. ती एकाएकी चार इंच खाली येते, तेव्हा ती ओसरलेली नसते; वाट सोडून दुसरीकडे शिरलेली असते. एखादा नवखा असता तर त्याने नुसता आकडा वाचला असता. याने छत्तीस वर्षांत एकदाच आकड्याचा अर्थ लावला, आणि तो मायेने लावला.

त्याने पुन्हा फोन लावला. फोन मुका झाला होता. नोंदवही उघडी टाकून तो धावत सुटला, तेही नोकरीत प्रथमच. गल्लीच्या तोंडाशी पोहोचला तेव्हा गल्ली उरली नव्हती. तांबडे पाणी छपरांच्या कडांना घासत वाहत होते. दादा संध्याकाळी सापडला. घरालगतच्या त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यातल्या लाकडांच्या उंच मांडणीवर तो चढून बसला होता. ज्या गुडघ्यांची एवढी काळजी, त्या गुडघ्यांनी त्याला वर नेले. वहिनीचा देह दोन दिवसांनी, बचावपथकाने छपराची कौले काढल्यावर, आतल्या खोलीत सापडला.

चौकशीत त्याची वही पाहिली गेली. “नोंद अचूक आहे, काका,” तीच अभियंता म्हणाली, “तुमच्या आकड्यामुळे आम्ही पुढच्या तीन वस्त्या वेळेत हलवल्या.” वहीत फक्त आकडे होते. घरी केलेल्या फोनची नोंद करण्याचा रकाना त्या वहीत नव्हता.

आता ते दोघे स्वयंपाकघरात उभे होते. जमिनीवर वीतभर गाळ वाळून तडकला होता. धाकट्याने फावडे घेतले आणि काही वेळ तो खाली मान घालून गाळ ओढत राहिला. कपाट उघडे होते. त्यात दादाचे सदरे आणि वहिनीची लुगडी घडी घालून, एकावर एक रचून ठेवलेली होती. चिखलाने ती विटेसारखी कडक झाली होती. बोचक्याचे रिकामे फडके शेजारच्या खुंटीला टांगलेले होते. तिने बांधलेले सामान सोडून, सावकाश, पुन्हा जागच्या जागी लावले होते.

ते पाहिल्यावर धाकट्याच्या हातातले फावडे गळून पडले.

“दादा,” तो म्हणाला. “मी सांगितलं तिला. थांबा म्हणून. फोन करून मीच सांगितलं.”

दादा पाटावर बसला होता. तो पाटही त्यानेच केलेला. त्याने वर पाहिले नाही.

“माहीत आहे मला.”

“तुला माहीत होतं? तीन आठवडे?”

“अरे, मी तिथेच होतो की. तिने फोन ठेवला आणि नाचत आली. भावोजी म्हणाले, पाणी उतरतंय. मी विचारलं, किती उतरलं? ती म्हणाली, आकडा नाही सांगितला.” त्याने तळहाताने पाटावरचा वाळका चिखल पुसला, पुन्हा पुसला. “तेव्हाच कळायला हवं होतं मला. तू आणि आकड्यावाचून बोलणार! कधी बोललायस जन्मात? स्वतःच्या लग्नातली पंगतसुद्धा फुटांत सांगितली होतीस.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो ना. हसलो मी. म्हटलं, चला, आज इंचराव माणसांत आला. तीही हसली. हसत हसत गाडीवाल्याकडे गेली.” दादाचा आवाज बसला. “शेवटचं हसणं ते तिचं. तुझ्याच बोलण्यावर. आता मी तुझ्यावर रागवू कसा, आणि न रागवू तरी कसा? तीन आठवडे मलाही तेच समजत नाहीये.”

धाकटा भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. पण तो उठूनही गेला नाही. बाहेर कोणीतरी बादलीने अंगण धूत होते. त्या पाण्याचा आवाज आत येत राहिला.

बऱ्याच वेळाने दादा भिंतीच्या आधाराने उठला आणि चौकटीपाशी गेला. ओल्या फडक्याने त्याने ती वरपासून पुसली. पेन्सिलीच्या रेघा पुराला पुरून उरल्या होत्या: आठव्या वर्षाची, नवव्या वर्षाची, आणि सतराव्या वर्षाची शेवटची. त्या सर्वांच्या वर, वीतभर अंतरावर, एक तांबूस सरळ ओळ लाकडात भिनली होती. फडक्याने ती पुसली जाईना. दादाने आणखी दोनदा प्रयत्न केला, मग फडके खाली ठेवले.

“किती आहे रे?” त्याने विचारले.

धाकट्याने डोळे पुसले. खिशातली टेप काढली. दादाने तिचे टोक खाली उंबऱ्यापाशी धरले. वाकताना त्याचे गुडघे कडकडले. धाकट्याने टेप वर ओढली, ओळीशी नेली, मान किंचित तिरपी करून नीट पाहिले.

“सहा फूट दोन इंच,” तो म्हणाला, आणि पुढे काहीही बोलला नाही.