परत न दिलेली शाल

मी शाल बोलतेय. अंगावर घ्यायची नव्हे, सत्काराची. थंडीशी माझा संबंध कधी आलाच नव्हता.

माझा जन्म पानिपतच्या कारखान्यातला. तिथं मराठी माणसाचं काय झालं, हे मला पुढं व्याख्यानांतून कळलं. सोलापूरच्या दुकानदारानं माझ्यावर 'काश्मिरी' अशी चिठ्ठी लावली. काश्मीर मी पाहिलेलं नाही. त्यावरची भाषणं मात्र भरपूर ऐकली; ती करणाऱ्या बऱ्याच जणांनीही ते पाहिलेलं नव्हतं.

अणदूरच्या अलीकडं एक गाव आहे. तिथल्या वाचनालयानं मला विकत घेतलं. दर हिवाळ्यात तिथं व्याख्यानमाला होते. वाचनालयाचे अध्यक्ष आण्णासाहेब मला वक्त्याच्या खांद्यावर घालायचे, फोटो निघायचा. भाषण संपलं की वक्ता मोठ्या मनानं म्हणायचा, "ही शाल मी वाचनालयालाच परत देतो." टाळ्या व्हायच्या. हे वाक्य वक्त्याला आमंत्रणाच्या फोनवरच सांगून ठेवलेलं असायचं. मग ग्रंथपाल चाँदपाशा माझी घडी घालून, डांबरगोळी टाकून मला कपाटात ठेवायचे. शेजारी जगाच्या इतिहासाचे जाड खंड होते. आम्हाला वर्षातून एकदाच कुणाचा हात लागायचा.

अशी मी जगाचं राजकारण शिकले. लढाया, पडलेली सरकारं, तुरुंगात गेलेली माणसं, सगळं खांद्यावर बसून ऐकलं. एक गोष्ट ध्यानात आली. स्वातंत्र्य जितकं लांबच्या देशातलं, तितक्या टाळ्या जोरात.

यंदा पुण्याहून एक लेखक आले. विषय होता 'बदलतं जग आणि माणसाचं स्वातंत्र्य'. अध्यक्षस्थानी गावच्या सरपंच मथुराबाई. म्हणजे खुर्चीवर त्या. सरपंचाचा शिक्का त्यांचे यजमान बलभीमराव यांच्या सदऱ्याच्या खिशात. अध्यक्षीय भाषणही तेच करायचे, "आमच्या मंडळींच्या वतीनं" अशी सुरुवात करून.

मथुराबाई वाचायला शिकल्या त्या सरपंच झाल्यावर, वाचनालयाच्या ह्याच खोलीत. दुपारी येऊन चाँदपाशांसमोर बसायच्या. आधी पाट्या वाचल्या, मग पेपर, मग ग्रामपंचायतीचे कागद. पेपरपर्यंत बलभीमरावांची हरकत नव्हती.

आता ही खोलीच जाणार होती. जागा ग्रामपंचायतीची, आणि तालुक्याच्या एका पुढाऱ्याला तिथं संपर्क कार्यालय हवं होतं. व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत तसा ठराव व्हायचा होता. शिक्का खिशात होता, पण सही बाईंनाच करावी लागणार होती. आण्णासाहेबांना कुणीतरी विचारलं, तर ते म्हणाले, "सगळं जग पेटलंय, तिथं एका खोलीचं काय घेऊन बसताव?" चाँदपाशा कपाटं पुसत राहिले.

पाहुण्या लेखकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ते सुरेख बोलले. शेवटी म्हणाले, "हुकूमशाही दरवेळी बंदूक घेऊन येत नाही. ती ओळखीच्या आवाजात, शेजारी बसून म्हणते, इथं सही कर."

टाळ्या पडल्या. बलभीमरावांनीही वाजवल्या. मग ते माईककडं निघाले, तर मथुराबाई उठल्या.

"अवो, बसा तुमी. म्या बोलते."

बलभीमराव वाटेतच थांबले.

"साहेब," त्या लेखकाला म्हणाल्या, "मला बी उद्या हितं सही कर म्हनलंय. ही खोली जातीया. न्हाय केली, तर घरात मला कुणी बोलणार न्हाय, अन् खुर्ची बी जाईल. तुमी उद्या थांबताव का?"

लेखकांनी पाण्याचा पेला उचलला. तासाभरात ते जगातल्या कुठल्याही प्रश्नाला अडले नव्हते. "नाही बाई," ते म्हणाले. "आज रात्रीचीच गाडी आहे माझी."

बलभीमराव हसले. "पाव्हण्याला कशाला कोड्यात घालतीस? बस खाली."

लेखकांनी मला खांद्यावरून काढलं. आता ते ठरलेलं वाक्य येणार म्हणून चाँदपाशा हात पुढं करून उभे राहिले. वाक्य आलं नाही. लेखकांनी मला मथुराबाईंच्या खांद्यावर घातलं आणि खाली मान घालून बसले. टाळ्या पडल्या नाहीत. आण्णासाहेब तेवढे पुटपुटले, "अहो, शाल संस्थेची आहे."

बाईंचा खांदा थरथरत होता. भीती होतीच, पण पौषाची थंडीही होती, आणि त्या साध्या लुगड्यावर आल्या होत्या. इतकी वर्षं मी ज्यांच्या खांद्यावर बसले, त्यांतल्या कुणालाच माझी गरज नव्हती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी शाल झाले.

दुसऱ्या दिवशी मला पांघरूनच त्या ग्रामपंचायतीत गेल्या. ठरावाचा कागद पुढं आला. त्यांनी बोट ठेवून सावकाश तो सगळा वाचला.

"वाचलं म्या. सही न्हाय करणार."

"कुणी शिकवलं तुला हे?" बलभीमराव ओरडले.

"सरपंच तर तुमीच केलंय की."

खोली अजून वाचनालयाचीच आहे. बलभीमराव घरात भिंतीशी बोलतात. शेजारणींनी येणं सोडलं. लेखकांचा लेख आला पुण्याच्या पेपरात, 'मराठवाड्यातली निर्भय स्त्री' म्हणून. त्यात गावाचं नाव चुकलं होतं. माझा रंग बरोबर होता.

परवा बाईंनी मला घडी घालून चाँदपाशांपुढं ठेवलं. "चाँदभाई, शाल संस्थेची हाय. जमा करून घ्या."

"ऱ्हाऊ द्या की बाई. डांबरगोळ्या बी संपल्यात," चाँदपाशा म्हणाले. "अन् सोमवारी तुमाला लागंल."

सोमवारी मथुराबाईंवरच्या अविश्वासाच्या ठरावाला मतदान आहे. सदस्य हात वर करतील. ते सगळे हात माझ्या ओळखीचे आहेत. दर हिवाळ्यात पहिल्या रांगेत बसून, दूरदूरच्या देशांतल्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या आहेत. मी समोरूनच पाहिलंय.

सत्काराच्या शालीला मागणं मागायचा रिवाज नाही. तरी एक मागते. हातांनो, त्या टाळ्या खऱ्या असतील, तर सोमवारी तेवढं खालीच राहा.