गाठ येण्याआधी गेलेल्या

मी उंदरीण बोलतेय. खुर्चीवर चढू नका. मी पांढरी आहे, पिंजऱ्यात आहे आणि आता म्हातारीही झाले आहे. दिवसभर पेंगते. पेंगताना ज्वारीची हलती कणसं दिसतात. खरं शेत मी एकदाही पाहिलेलं नाही.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, मुरुम गावाजवळच्या एका सहकारी संघाच्या गोदामामागच्या खोलीत. कीड लागू नये म्हणून संघाला धान्यात एक पावडर मिसळायची होती. ती वर्षानुवर्षं माणसांच्या पोटात गेली तर काय होईल, हे आधी आमच्या पोटात बघायचं ठरलं. एका रांगेला साधी ज्वारी, दुसरीला पावडरीची. माझ्या वाट्याला पावडरीची आली.

बानूबाई आम्हाला दाणापाणी करी. गावात टँकरपुढं भांडणं चालत, पण आमची वाटी कधी कोरडी राहिली नाही. "पी गं माय, तुझ्या नशिबात तरी हाय," ती म्हणे. शेजारच्या पिंजऱ्यात माझी बहीण होती. जाळीतून नाकाला नाक लावून आम्ही झोपत असू. एका दुपारी जाग आली, तर तिचं नाक गार लागलं. आमच्या रांगेतल्या बऱ्याच जणी अशाच तरुणपणी गेल्या. मला अजून वाटतं, ती झोपेतच कुठल्यातरी ओल्या शेतात निघून गेली.

दोन वर्षांनी संख्याशास्त्र शिकलेल्या चारुशीलाबाई तुळजापुराहून आकडे तपासायला आल्या. संघाचे चेअरमन नानासाहेब खुशीत होते. साध्या रांगेत गाठी जास्त निघाल्या होत्या, आमच्यात कमी.

"बाई, पावडरीनं गाठी उलट कमीच झाल्यात की! सभेत सांगून टाकतो."

"थांबा नानासाहेब. या गाठी म्हातारपणी येतात. पावडरीच्या रांगेतल्या बहुतेक तर म्हाताऱ्या झाल्याच नाहीत."

"पर गाठ नव्हती त्यांना, व्हय का न्हाय?"

"दुष्काळात गुरांच्या छावणीत वासरं मेली, त्यांचे दात झिजले नव्हते. म्हणून तिथला चारा दातांना चांगला म्हणायचं का?"

नानासाहेबांचीही वासरं त्याच छावणीत गेली होती.

मग बाईंनी सारखं वय गाठलेल्या उंदरिणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. साध्या रांगेत म्हाताऱ्या भरपूर, गाठी थोड्यांनाच. आमच्यात म्हाताऱ्या मूठभर, आणि जवळजवळ प्रत्येकीला गाठ. माझ्या काखेतही आहे, लिंबाएवढी.

"एवढ्याशा उंदरांवर ठरवायचं?" नानासाहेब पुटपुटले. शेवटी ठरलं, की उरलेल्या म्हाताऱ्यांना कायमचं झोपवून आतून बघायचं. तोवर पावडरीची पोती शिवलेलीच राहतील. आतही गाठी निघाल्या, तर पोती परत जाणार.

आज माझी पाळी आहे. सकाळी बानूबाईनं वाटीत मूठभर ज्वारी घातली. "खा माय, बिगर पावडरीची हाय," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. चारुशीलाबाईंनी ते पाहिलं, पण हरकत घेतली नाही. ज्वारी गोड लागली. मला पुन्हा झोप येते आहे.

माझ्या गाठी खुशाल मोजा, माझा राग नाही. माझ्या बहिणीला तेवढं निरोगी म्हणू नका.