गाड्यावरचे गोड आप्पे

ललिताला गाड्यावरच चक्कर आली, दवाखान्यात नेलंय, असा बाळाबाईचा फोन आला तेव्हा अण्णासो कोल्हापुरात महाद्वार रोडवर चाकांच्या बॅगा बघत उभे होते. निळी घ्यावी की लाल, हे विचारायला ते ललितालाच फोन लावणार होते. उचगाव फाट्यावर ललिताच्या वड्यांच्या गाड्याला लागून बाळाबाईचा रसाचा गाडा. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, आधी या." ते पोचले तेव्हा त्यांची लेक संघप्रिया दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. तिनं मान वर केली नाही, त्यावरून त्यांना कळलं.

महिन्यावर बँकॉकची ट्रिप होती. ती ललितानंच ठरवली होती. अण्णासोंना कसली हौस? फाउंड्रीतून रिटायर झालेल्या माणसाला घरात पंख्याखाली पडायचं होतं. पण ललितानं मोबाइलवर तिकडच्या एका बाईला रस्त्याकडेला आप्पे घालताना बघितलं. पात्र आपल्यासारखंच, खळग्यांचं, पण आत नारळाचं दूध आणि वर काहीतरी हिरवं. कडेला कुरकुरीत, मध्ये पातळ. घरच्या पात्रात तिनं बरेचदा करून बघितले. कधी दगड झाले, कधी खीर. "एक घास मिळू दे नुसता, मग दाखवते तुम्हाला," म्हणायची. ते खोटं नव्हतं. कुणाच्या बारशाला जेवून आली की दुसऱ्या दिवशी तीच आमटी घरात उकळायची. आत काय काय पडलंय ते तिची जीभ ओळखायची. फाट्यावर कुणाकडं नाही असं गोड तिला गाड्यावर आणायचं होतं. त्यासाठी मोठं बिडाचं पात्रही घेऊन ठेवलं होतं.

ललिताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर अण्णासो म्हणाले, ट्रिप रद्द करू. संघप्रियानं ऐकलं नाही. आईचा गाडा आता ती चालवणार होती आणि एक दिवसही बंद ठेवायला तयार नव्हती. "पप्पा, तुम्ही जावा. चव तेवढी नीट बघून या, बाकीचं मी करते," ती म्हणाली, आणि बॅगेत ललिताच्या हातच्या कांदा-लसूण चटणीचा डबा ठेवला. उन्हाळ्यात केलेल्या चटणीतली घरात उरलेली तेवढीच होती.

बँकॉकमध्ये उतरल्यापासून अण्णासोंचं डोकं फिरायला लागलं. ट्रिपवाल्यांनी कोल्हापूरचा आचारी बरोबर आणला होता. सकाळी पोहे, दुपारी पिठलं-भाकरी, रात्री तांबडा रस्सा. लोक खूश. एवढ्या लांब येऊन घरचं मिळतंय म्हणून आचाऱ्याचे फोटो काढत होते. बसच्या काचेतून अण्णासोंना गाडे दिसायचे, धूर दिसायचा, केळीच्या पानात काहीबाही बांधून देणाऱ्या बाया दिसायच्या, आणि बस पुढं जायची. एकदा त्यांनी ट्रिपच्या यशराजला जरा थांबायला सांगितलं. बाहेरचं खाऊन एकाचं पोट बिघडलं की सगळ्यांचा दिवस जातो, असं त्यानं काका-काका करत समजावलं, वर रात्री भाकरी जास्त वाढली. विहारात मोठ्या बुद्धमूर्तीपुढं अण्णासोंनी हात जोडले, त्रिशरण म्हटलं, आणि तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून नारळ करपल्याचा वास आला. डोळे मिटून उभं राहणं जमेना.

त्यात शेजारच्या सीटवर अमरसिंह. नेसरीचा म्हशीवाला, गडगडाटी हसणारा. ललिताचीच सीट होती ती. वहिनी आल्या नाहीत का, असं त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. नाही आली, एवढंच अण्णासो बोलले. चटणीची चव लागल्यापासून प्रत्येक जेवणाला तो म्हणायचा, "पावणं, डबा काढा की." अण्णासो चिमूटभर द्यायचे आणि आतल्या आत जळायचे. माणूस वाईट नव्हता. सोडत नव्हता, एवढंच.

शेवटच्या संध्याकाळी खरेदीला सोडलं. सगळे छत्र्या आणि पर्सांत घुसले तसे अण्णासो गल्लीत शिरले. एकटं कुठं निघालं म्हणत अमरसिंह मागोमाग. गल्लीच्या टोकाला गाडा सापडला. ललिताच्याच वयाची बाई, शेवटचा घाणा चाललेला. पीठ ओतलं, मग दूध ओतलं, वर हिरवं टाकलं, झाकण ठेवलं. अण्णासो बघत राहिले, पण तिचा हात इतका झपाझप चालला की काही ध्यानात राहीना. हिरव्याकडं बोट दाखवून त्यांनी खुणेनं विचारलं. ती हसली, मान हलवली, आणि पानाचा द्रोण हातात दिला.

ते हिरवं नीट बघावं म्हणून चष्मा काढायला त्यांनी पिशवीत हात घातला. आधी चटणीचा डबा वर आला. डबा आणि द्रोण, दोन्ही त्यांनी अमरसिंहच्या हातात दिलं. चष्मा डोळ्यावर चढवून बघतात तर द्रोण लालभडक, डबा रिकामा.

"काय केलंसा हे?"

"चटणी घातली की. तुम्हीच दिलासा न्हवं डबा? त्याबिगर तोंडाला चव न्हाय यायची पावणं."

"माझ्या बायकोच्या हातची हाय ती."

"मग भारीच असणार की."

"गेली ती. एवढीच राहिलती."

अमरसिंह खिशातला रुमाल काढून आप्प्यांवरची चटणी पुसायला लागला. मधल्या पातळात ती कधीच मुरली होती. फुंकर मारली, तर चटणी चष्म्याखालून अण्णासोंच्या डोळ्यात. बाईनं पात्र उलटं घातलं होतं, पिठाचं भांडं रिकामं होतं. उद्या या, असं तिनं खुणेनं सांगितलं. उद्या पहाटेचं विमान होतं. रस्त्यावरून यशराजच्या हाका यायला लागल्या.

अण्णासोंनी उभ्या उभ्या सगळे खाल्ले. लसूण लागली, सुकं खोबरं लागलं, मिरची लागली. गाड्यावरून घरी आल्यावर ललिता गरम भातावर तूप आणि ही चटणी घ्यायची, ते लागलं. खालचं काही लागेना. वरचं हिरवं म्हणजे कांद्याची पात असेल म्हणावं, तर चटणीतही कांदा. त्यांना अमरसिंहचा राग आला, यशराजचा आला, त्या आचाऱ्याचा आला. मग ललिताचा आला. ही चव घ्यायला तिनं यायचं होतं. त्यांना आमटीत चिंच आहे की आमसूल, एवढंही कधी कळलं नव्हतं. बसमध्ये अमरसिंह खिडकीकडं तोंड करून बसला, रात्रीच्या रश्श्यालाही त्यानं डबा काढा म्हटलं नाही, तर त्याचाही अण्णासोंना त्रास झाला.

उचगावला घरात पाय ठेवायच्या आत संघप्रियानं विचारलं, चव कशी होती.

"तिखट," अण्णासो म्हणाले.

तिला वाटलं चेष्टा करतात. ती हसली, मग त्यांच्या तोंडाकडं बघून थांबली आणि बॅग आत घेऊन गेली. रिकामा डबा तिनं अजून घासलेला नाही. गाड्यावर वडे आणि भजीच चालू आहेत. बिडाचं पात्र स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलंय. त्याला अजून पहिलं तेलसुद्धा लावायचं राहिलंय.